नऊ तारखेची मेल

“आई, माझ्या मेलची तारीख तू बदललीस का?”

विचारून झालं आणि म्यूटला वाटलं, आता शाळेचं छप्पर अंगावर येणार. छप्पर जागेवरच राहिलं. कार्यालयाच्या खिडकीपलीकडे आई बसली होती, तिच्या हातातलं पेन तेवढं थांबलं. मागे पाण्याच्या कूलरआड पंचनामा आणि जिराफ कान टवकारून उभ्या होत्या. जिराफची मान कूलरच्या वरून दिसत होती, त्यामुळे त्या लपण्याला तसा काही अर्थ नव्हता.

पैज त्यांनीच लावली होती, मधल्या सुट्टीत. “हल्ली एवढी बोलायला लागलीस ना, मग हे विचारून दाखव,” पंचनामा म्हणाली होती. “आडून आडून नाही, थेट खिडकीत. आणि मॅडम म्हणून नाही, आई म्हणून.” शाळेच्या आवारात आईला मॅडम म्हणायचं, हा घरातला अकरा वर्षांचा नियम. तोही त्या एका वाक्यात मोडला होता.

आईनं पेनाला टोपण लावलं. पेन पेल्यात ठेवलं. मग पेला उगाचच दोन बोटं डावीकडे सरकवला.

“घरी बोलू,” ती म्हणाली, आणि तिनं खिडकीची काच ओढून घेतली.

बस. रागावली नाही, हसली नाही, ‘वेड लागलंय का तुला’ असंही म्हणाली नाही. म्यूटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती थांबेचना.

“नाही म्हणाली?” जिराफनं विचारलं.

“घरी बोलू म्हणाली.”

“म्हणजे हो,” पंचनामा म्हणाली.

“म्हणजे घरी बोलू.”

“अगं, नाही असलं की माणूस जागच्या जागी नाही म्हणतो. घरी बोलू हे ‘हो’चं थोरलं भावंड आहे.” पंचनामा कुणाशीही बोलताना जबाब नोंदवून घेतल्यासारखी बोलायची, म्हणून तर ती पंचनामा. तिनं म्यूटचा हात दाबला, पण तो प्रेमानं की पळून जाऊ नये म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

आता म्यूटला म्यूट का म्हणत, तेही सांगायला हवं, कारण तिची बडबड ऐकणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. सातवीपर्यंत ही मुलगी इतक्या हळू ‘हजर’ म्हणायची, की वर्गात बसलेली असूनही चार वेळा तिची गैरहजेरी लागली होती. मग गेल्या वर्षी परिपाठात बातम्या वाचणाऱ्या मुलाचा घसा बसला, बाईंनी हाताला आली तिला माइकपुढे ढकललं आणि ही वाचू लागली. सगळं मैदान गप्प झालं. मागच्या रांगेतल्यांनी कोण वाचतंय ते बघायला टाचा उंचावल्या. त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. वर्गात, जिन्यात, दात घासताना. नाव मात्र म्यूटच राहिलं.

त्यामुळे सुट्टीतल्या रेडिओ कार्यशाळेची सूचना लागली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. खरंखुरं केंद्र, खराखुरा स्टुडिओ, दोन आठवडे. शाळेतून दोघांनाच जायला मिळणार होतं. तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायचं आणि दहा तारखेला दुपारी बाराच्या आत शाळेच्या कार्यालयाला मेल करायचं. मेल उतरवून घेणं, यादी करणं, ध्वनिमुद्रणांना नाव काढून नुसता क्रमांक देऊन ती परीक्षकांकडे पोचवणं, हे काम आईचं. परीक्षक वेगळे होते, कोणता आवाज कुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. सगळं अगदी चोख.

निकालात म्यूट पहिली आली. दुसरा अकरावीतला एक मुलगा. पंचनामाचं तर ध्वनिमुद्रण ऐकलंच गेलं नाही, कारण तिची मेल बारा वाजून वीस मिनिटांनी पोचली होती. फळ्यावर लावलेल्या यादीत तिच्या नावापुढे ‘मुदतीनंतर’ असा शिक्का. त्याच यादीत वरती म्यूटच्या नावापुढे लिहिलेलं: नऊ तारीख, संध्याकाळी सहा चाळीस.

“नऊला सहा चाळीसला तू माझ्यासमोर बॅडमिंटन खेळत होतीस,” पंचनामा म्हणाली होती. “मी तुला हरवत होते. जिराफनं फोटो काढलाय, त्यात तुझं तोंड रडवेलं आहे आणि मागे मोठं घड्याळ आहे.”

यावर म्यूटनं “अगं, आधी ठरवून ठेवली असेल मेल, आपोआप गेली असेल” असं काहीबाही सांगितलं. ते तिला स्वतःलाही पटलं नाही. कारण खरी गोष्ट तिला माहीत होती: तिनं मेल पाठवली होती दहा तारखेला. संध्याकाळी. सतरा वेळा मुद्रण केलं, सतराही वेळा कुठेतरी शब्द अडखळला, दुपारचे बारा वाजून गेले तरी ती थांबली नाही, आणि सहा चाळीसला ‘जाऊ दे, पाठवून तर बघू’ म्हणून तिनं पाठवून दिली. निकाल लागला तेव्हा तिला वाटलं, मुदत वाढवली असेल. कुणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली असं नाही, विचारायचंच नव्हतं तिला.

आणि मग यादीत नऊ तारीख दिसली. मेल उतरवणारी आई. यादी करणारी आई. नऊ लिहिणारी कोण?

खिडकीतल्या त्या प्रश्नानंतर घरी येताना ती कधी नव्हे ती गप्प होती.

घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. बाबा घड्याळजी. भिंतीवर चौदा घड्याळं, सगळी सेकंदाला सेकंद जुळवलेली, त्यामुळे तासाचे ठोके पडले की घरात बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. बाबा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. “आज रेडिओ बंद आहे वाटतं,” ते मान वर न करता म्हणाले. म्यूट आत निघून गेली.

आतल्या खोलीत खिडकीशी घरचा कॉम्प्युटर होता, जुना, धडधाकट, पंखा सुरू झाला की टेबल थरथरायचं. तिनं मेलचा प्रोग्रॅम उघडला आणि पाठवलेल्या मेलचा कप्पा पाहिला. ती खात्री करणार होती. शाळेत नऊ दिसत असेल, पण इथे तर दहाच असणार. मग आई सापडलीच म्हणायची.

इथेही नऊ होती. नऊ तारीख, सहा चाळीस.

तिनं कप्पा बंद करून पुन्हा उघडला. नऊ. कॉम्प्युटर बंद करून चालू करावा का, असा विचार आला, पण नऊची दहा अशानं होत नाही हे तिलाही कळत होतं. म्हणजे आईनं इथलीसुद्धा बदलली? रविवारी आई दुपारभर इथेच बसली होती. ‘शाळेचं काम आहे’ म्हणाली होती. दारही लावून घेतलं होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं आणि ते थेट या टेबलाखाली मुरत होतं.

“पुरावा पुसतेस का?”

दारात आई उभी होती. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

“मी?” म्यूट म्हणाली. “मी कशाला पुसू? आणि काय पुसू? प्रश्न मी विचारला होता.”

“हो ना. भर शाळेत विचारलास. कूलरमागे दोघींना उभं करून.” आईनं पिशवी खुर्चीवर ठेवली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. “मी आठवडाभर तोंडात गुळणी धरून बसलेय, आणि तू येऊन मलाच विचारतेस.”

“कसली गुळणी?”

“दहा तारखेला मी शाळेतून आले तेव्हा तू इथे बसून त्या माइकमध्ये बोलत होतीस. ‘नमस्कार, श्रोतेहो’ मी कपडे बदलेपर्यंत तीनदा ऐकलं. म्हणजे तोवर पाठवलेलं नव्हतं. बरोबर?”

“बरोबर,” म्यूट पुटपुटली.

“मला वाटलं, राहिलं पोरीचं. वाईट वाटलं. अकराला सकाळी कार्यालयात मेल उतरवल्या. नव्या मेल वर येतात ना, त्यात तुझी नव्हती. खाली बघते तर नऊ तारखेच्या रांगेत जाऊन बसलेली, अगदी शहाण्या मुलीसारखी. आदल्या दिवशी बारा वाजता मी मोजल्या होत्या, अकरा होत्या. आता मुदतीच्या आतल्या बारा.” आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “मला वाटलं, तू कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलंस आणि मग पाठवलीस.”

“मी?” म्यूटला एवढंच सुचलं.

“तुला येतं ना सगळं. आम्हाला येत नाही ते सगळं तुला येतं.”

म्यूटच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यादी लागल्यापासून ती आईकडे चोर म्हणून बघत होती, इथपर्यंत ठीक होतं. पण आई आठवडाभर तिच्याकडे चोर म्हणून बघत होती, हे भलतंच झालं. ताटात वाढताना, वेणी घालताना, ‘अभ्यास झाला का’ विचारताना. “मग मुख्याध्यापिकाबाईंना का नाही सांगितलंस?” तिनं विचारलं.

 आईनं खिडकीचा पडदा नीट केला, आणि तो आधीही नीटच होता.

“रविवारी इथे काय करत होतीस? दार लावून?”

“हेच बघत होते. तू काय काय केलंस ते. मला काही कळलं नाही.”

“मी काही केलंच नाही तर कळणार कसं? घड्याळ मागे करायचं झालं तर या कोपऱ्यात जाऊन...” म्यूटनं रागारागानं पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट नेलं, आणि बोट तिथेच राहिलं.

“काय झालं?”

“आज किती तारीख?”

“सतरा.”

“इथे सोळा आहे.”

दोघी वाकून पाहू लागल्या. वेळ बरोबर होती, मिनिटाला मिनिट. तारीख सोळा.

“म्हणजे अजूनही मागेच आहे,” म्यूट म्हणाली. “मी मागे केलं असतं तर काम झाल्यावर पुढे नसतं का केलं?”

“विसरली असशील.”

“आई.”

“बरं, नसशील विसरली. पण म्हणजे आपोआप मागे गेलं? चौदा घड्याळांच्या घरात?”

म्यूटनं आलेल्या मेलचा कप्पा उघडला. शाळेला मेल केली की लगेच एक ठरलेलं उत्तर येतं, ‘आपली मेल मिळाली’ असं. तिनं ते शोधून काढलं. तिच्या मेलवर तारीख नऊ, सहा चाळीस. त्या उत्तरावर तारीख दहा, सहा एकेचाळीस.

“हे उत्तर एक दिवसानं येतं का?” तिनं विचारलं.

“एका मिनिटात येतं. ते माणूस पाठवत नाही, आपलं आपण जातं.” आई हळूहळू खुर्चीवर बसली. “म्हणजे तुझी मेल पोचली दहालाच. आणि मी यादीत घेतली ती...”

“माझ्या मेलवर या कॉम्प्युटरनं मारलेली तारीख. पाठवणाऱ्याचं घड्याळ जे म्हणेल तेच पत्रावर लिहिलं जातं. तुझ्या कार्यालयात पोचल्याची वेळ वेगळी असते, तो रकाना तू कधी उघडलाच नसशील.”

“असा रकाना असतो?”

“असतो. लपवलेला असतो. वरच्या पट्टीवर माउसचं उजवं बटण दाबलं की दिसतो.”

आईनं कपाळाला हात लावला. अकरा वर्षं ती त्या खुर्चीवर होती आणि एकही अर्ज तिच्याकडून हरवला नव्हता.

म्यूट तोवर घड्याळाच्या सेटिंगमध्ये शिरली होती. वेळ आपोआप जुळवून घेण्याचं बटण बंद होतं. चुकून बंद होणारं बटण नव्हतं ते. कुणीतरी मुद्दाम जाऊन बंद केलं होतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. दोघींच्या डोळ्यांतला संशय एकदम उठला आणि पुढच्या खोलीकडे चालू लागला.

“बाबा,” म्यूटनं हाक मारली, “जरा आत या.”

बाबा भिंग कपाळावर सरकवून आले.

“या कॉम्प्युटरचं घड्याळ कोण लावतं?”

“मी,” बाबा म्हणाले, तेही छाती काढून. “रोज सकाळी. रात्री आपण प्लग काढतो ना, सकाळी लावला की तो वेडा होतो, वीस वर्षं मागे जातो. मग मेल उघडत नाही, काही उघडत नाही. आतला सेल मेलाय त्याचा.”

“तुमच्याकडे खणभर सेल आहेत,” आई म्हणाली.

“ते घड्याळांचे. याचा डबा उघडायचा म्हणजे आठ स्क्रू. गिऱ्हाइकांची कामं कोण करणार?”

“आणि आपोआप वेळ जुळवायचं बटण?”

“ते मीच बंद केलं. मागे एकदा त्यानं तास पुढची वेळ दाखवली. घड्याळजीच्या घरात बाहेरून येऊन वेळ सांगतो म्हणजे काय.” बाबांनी मनगट पुढे केलं. “मी यावरून लावतो. महिन्याला चार सेकंदांची चूक नाही याची.”

आजोबांचं जुनं चावीचं घड्याळ होतं ते. चकतीवर तीनच्या आकड्याजवळ तारखेची एवढीशी खिडकी. म्यूटनं बाबांचं मनगट धरून उजेडाकडे वळवलं. खिडकीत सोळा होते.

“बाबा, मागचा महिना किती दिवसांचा होता?”

“तीस.” बाबा उत्तर देऊन मोकळे झाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. असल्या घड्याळाला महिना कळत नाही, दर महिना एकतीसचाच वाटतो. तीस दिवसांचा महिना संपला की पहिल्या तारखेला हातानं एक दिवस पुढे सारावं लागतं. त्या दिवशी तारखा सारून घ्यायला दुकानापुढे माणसांची ही रांग लागते. बाबांनी सगळ्या गल्लीच्या तारखा पुढे केल्या होत्या आणि स्वतःच्या मनगटाकडे बघायचं राहून गेलं होतं.

“पण सतरा दिवसांत तुमच्या लक्षात आलं नाही?” आई म्हणाली. “पावत्यांवर काय लिहिता?”

“वार. लोकांना वार लक्षात राहतो.” बाबांनी घड्याळाची चावी ओढली आणि एक दिवस पुढे केला, अपराध्यासारखं, दोघींकडे पाठ करून. मग वळून म्हणाले, “काय झालंय पण?”

म्यूटनं सांगितलं. सगळं सांगितलं, सतरा मुद्रणं, बॅडमिंटनचा फोटो, कूलर, खिडकी. आईनं अधूनमधून भर घातली. बाबा ऐकत होते आणि मधूनच हाताचं घड्याळ झाकत होते.

“म्हणजे चोरी कुणीच केली नाही,” ते शेवटी म्हणाले. “सुंठीवाचून... जाऊ दे. सुटलो आपण. एका खिडकीचा घोळ. पोरगी आवाजावर निवडली गेली ना? परीक्षकांनी नाव बघितलं नव्हतं. मग आता कशाला उकरायचं?”

आईनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “यादी कार्यशाळेवाल्यांना गेलीसुद्धा,” ती म्हणाली. “कुणी विचारलं तर दाखवता येईल की मेलवरच नऊ तारीख होती. मी काही खोटं लिहिलेलं नाही. जे दिसलं ते लिहिलं.”

“बघ,” बाबा म्हणाले.

म्यूटला दोघांचेही चेहरे ओळखीचे होते. वाईट माणसांचे नव्हते ते. तिला त्या स्टुडिओत बसलेली बघायची घाई झालेल्या माणसांचे होते. आणि तिला स्वतःलाही कमी घाई नव्हती. डोळे मिटले की समोर ती जाड काच दिसायची, पलीकडे बोटानं खूण करणारा माणूस, आणि मग तिचा आवाज, मैदानभर नाही, गावभर जाणारा. एवढं सगळं फक्त गप्प बसून मिळत होतं. गप्प बसण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता, सातवीपर्यंतचा अनुभव होता.

पण मग पंचनामानं उद्या विचारलं, ‘काय म्हणाली आई?’, तर काय सांगायचं? ‘नाही बदलली’ हे खरं होतं. अगदी खरं होतं. आणि तेवढंच सांगितलं तर ते सगळ्यात सफाईदार खोटं होणार होतं. पंचनामा वीस मिनिटांनी बाद झाली आणि आपण साडेसहा तासांनी पास झालो. ती मान हलवेल, ‘बरं’ म्हणेल, आणि पुढची दोन वर्षं बाकावर शेजारी बसून म्यूटकडे तसंच बघेल, जसं आई आठवडाभर बघत होती. आणि या वेळी ते बघणं बरोबर असेल.

तिला आता आईचा संशय येत नव्हता. बाबांचाही नाही. उरली होती ती एकटीच. निकाल लागला तेव्हा ‘मुदत वाढवली असेल’ असं स्वतःला सांगून स्वतःच मान डोलावणारी.

“काय झालं गं?” आईनं विचारलं. “बोल ना. तू गप्प बसलीस की मला कापरं भरतं.”

पुढच्या खोलीत सातचे ठोके सुरू झाले. चौदा घड्याळं एकदम. त्यांचं संपेपर्यंत म्यूट उठून उभी राहिली, तिनं खुर्ची आत सारली आणि दोघांच्या मधोमध, दोघांना नीट दिसेल अशी थांबली.

“मी उद्या प्रार्थनेच्या आधी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाणार आहे,” ती म्हणाली. आवाज परिपाठातला होता, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. “सांगणार आहे की माझी मेल दहाला संध्याकाळी गेली, ते मला तेव्हापासून माहीत होतं, माझं नाव काढा. बाबा, मला ते शाळेचं उत्तर छापून हवंय, आणि तुमच्या घड्याळाचं तुम्ही एका कागदावर लिहून द्या, म्हणजे आईनं काही केलं असं कुणाला वाटायला नको. आणि आई, तू आठवडाभर गप्प बसलीस, ते मी सांगणार नाही. ते तू सांग. पाहिजे तर माझ्याबरोबर चल, पाहिजे तर नंतर एकटी जा. मी मात्र जाणार आहे, हे ठरलं.”